फरक आढळला नाही

शिपाई नागोरावमामांनी फाइल टेबलावर ठेवली, शेवटचं पान उघडलं आणि सहीच्या जागी पेन्सिलीनं केलेली बारीक फुली बोटानं दाखवली. तनुजा मॅडमनी जेवायच्या आधी सही करून मागितली आहे, बाकी चौघांच्या झाल्या, असं त्यांनी सांगितलं. शर्मिलाच्या एका हातात डब्याचं झाकण होतं. दुसऱ्या हातानं तिनं पेन उचललं, आणि सही करायच्या आधी सवयीनं वरच्या चार ओळी वाचल्या. ‘सांख्यिकीय कसोट्यांनुसार कोणत्याही विभागात राखीव व खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षेच्या गुणांमध्ये सार्थ फरक आढळला नाही. सबब, तक्रारीत तथ्य दिसून येत नाही.’ त्याखाली जाड टाइपात: विश्लेषण, प्रा. शर्मिला दशरथ नगराळे. समितीतल्या इतर चार जणांची नुसती नावं-आडनावं होती. वडिलांचं नाव फक्त तिच्याच नावात घातलेलं होतं, आणि तीही राखीव प्रवर्गातली आहे हे वाचणाऱ्याला दिसावं म्हणून घातलं होतं हे तिला लगेच कळलं, इतक्या लगेच की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. नागोरावमामा उभेच होते. वाचून उद्या देते, असं तिनं सांगितलं तेव्हा ते जरा गोंधळले. वाघोलीच्या या कॉलेजात त्यांची अकरा वर्षं झाली होती, आणि सहीसाठी नेलेली फाइल कुणी वाचायला ठेवून घेतल्याचं त्यांना आठवत नसावं.

तक्रार सृष्टीची होती. शेवटच्या वर्षाची मुलगी, होस्टेलवर राहणारी, वडील सणसवाडीला कारखान्यात. लेखी परीक्षेत ती वर्गात दुसरी आली होती, आणि त्याच विषयाच्या तोंडी परीक्षेत तिला पंचवीसपैकी नऊ मिळाले होते. पास व्हायला दहा लागतात. एका गुणानं विषय राहिला, आणि राहिलेला विषय असेल तर कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या अर्जच घेत नाहीत. डिसेंबरात तिनं सरळ उभ्या अक्षरात दीड पानाचा अर्ज दिला होता. त्यातलं एक वाक्य शर्मिलाला पाठ झालं होतं: ‘मला विषयावर एकच प्रश्न विचारला, बाकीचे प्रश्न माझ्यावर होते.’ गाव कुठलं, वडील काय करतात, पूर्ण नाव सांगा, फी माफ आहे का, मग बरं आहे की तुमचं. असं फक्त आपल्यालाच होत नाही, हवं तर गुण तपासून बघा, असं तिनं शेवटी लिहिलं होतं. या शेवटच्या ओळीमुळेच समितीत संख्याशास्त्राचं माणूस घ्यावं लागलं. उपप्राचार्य तनुजा मॅडमनी शर्मिलाला केबिनमध्ये बोलावून चहा दिला होता आणि म्हटलं होतं की तुझ्यासारखी ऑब्जेक्टिव्ह व्यक्तीच हवी, नाहीतर लोक काहीही बोलतात गं. शर्मिलाला तेव्हा बरं वाटलं होतं. आता डब्यातल्या गार होत चाललेल्या भाजीकडे बघताना तिला त्या बरं वाटण्याचाच सगळ्यात जास्त राग आला. पंधरा वर्षं शिकवल्यावर कुणीतरी ऑब्जेक्टिव्ह म्हटलं की शेपूट हलवायची.

गणित तिनं चोख केलं होतं. सहा विभाग, दोनशे बारा मुलं, चौऱ्याऐंशी राखीव, एकशे अठ्ठावीस खुली. लेखी पेपरवर नाव नसतं, नुसता बारकोड असतो. तिथं दोन्ही गटांची सरासरी जवळजवळ सारखी होती, अर्ध्या गुणाचासुद्धा फरक नव्हता. तोंडी परीक्षेत मुलगा समोर बसतो, त्याचं नाव समोरच्या यादीत असतं. तिथं खुल्या गटाची सरासरी सतरा पूर्णांक एक, राखीव गटाची पंधरा पूर्णांक दोन. तिनं कसोटी लावली. खरोखर काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगानं एवढी तफावत हजारात सात वेळा दिसली असती. हजारात पन्नासच्या खाली गेलं की संख्याशास्त्र म्हणतं, फरक सार्थ आहे, योगायोग म्हणून सोडून देऊ नका. तिनं आकडा तीनदा पडताळला. हे आठ फेब्रुवारीचं. ते टेबल घेऊन ती तनुजा मॅडमकडे गेली, आणि मॅडमनी चष्मा डोक्यावर सरकवून ते बराच वेळ बघितलं. मग त्या म्हणाल्या होत्या की सहा विभागांचे परीक्षक वेगळे, विषय वेगळे, सगळ्यांची अशी खिचडी करणं बरोबर आहे का. विभागवार बघ ना, ते जास्त काटेकोर होईल. बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. शर्मिलानं विभागवार बघितलं. एकेका विभागात पस्तीस-छत्तीस मुलं, त्यातली चौदा एका बाजूला, एकवीस दुसऱ्या बाजूला. एवढ्या थोड्या मुलांवर दोन गुणांचा फरक कुठल्याच कसोटीच्या जाळ्यात सापडत नाही, हे तिला कसोटी लावायच्या आधीच माहीत होतं. सहाही विभागांत ‘सार्थ नाही’ आलं. आणि सहाही विभागांत खाली होता तो एकच गट. नाणं सहा वेळा उडवावं आणि सहाही वेळा काटाच पडावा, तसं. तिनं दोन्ही टेबलं एकाखाली एक लावून दिली, आणि आपलं काम संपलं असं समजून पेपर तपासायला घेतले. आता अहवालात दुसरं टेबल होतं. पहिलं नव्हतं.

दुपारी दोनला तिचा तास होता, आणि विषय नेमका दोन गटांच्या तुलनेचा होता. गेली पंधरा वर्षं ती तो एकाच पद्धतीनं शिकवत आली होती. आधी धरून चालायचं की फरक नाही. याला म्हणायचं शून्य परिकल्पना. फरक आहे असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं पुरावा आणायचा. कोर्टात आरोपीला आधी निर्दोष धरतात, तसं. हे उदाहरण मुलांना फार पटायचं. आज फळ्यावर ते लिहून झाल्यावर तिचा हात थांबला. कुठला आरोपी? कोण निर्दोष? मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं की मॅम, पण पुरावा नाही मिळाला म्हणजे फरक नाहीच, असंच ना? हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतो आणि दर वर्षी ती हसून समजावून सांगते. आज तिनं इतक्या कडक आवाजात ‘नाही’ म्हटलं की पुढच्या बाकावरची मुलगी मोबाइलवरून मान वर काढून बघायला लागली. दिवा लहान असला म्हणून खोलीत साप नाही असं होत नाही, एवढंच होतं की आपल्याला दिसला नाही, असं काहीतरी ती बोलली. मग खडू ठेवला आणि दहा मिनिटं आधीच वर्ग सोडला.

नगर रोडवर खराडी बायपासच्या अलीकडे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. हेल्मेटच्या आत घाम कानामागून उतरत होता, आणि शर्मिला विश्रांतवाडीच्या दिशेनं स्कूटर रेटत होती. पुढच्या टेम्पोचा धूर थेट तोंडावर येत होता. तिला तिची स्वतःची तोंडी परीक्षा आठवत होती. एमएस्सीचं दुसरं वर्ष. दोन महिने तिनं कसोट्यांच्या सिद्धता इतक्या घोटल्या होत्या की बसच्या खिडकीच्या काचेवर ती बोटानं त्या लिहायची. आत तिघं परीक्षक होते. मधल्यांनी यादी बघितली, नाव वाचलं, तिच्याकडे बघून प्रेमानं हसले आणि विचारलं, सरासरी म्हणजे काय? तिला वाटलं ही सुरुवात आहे. तिनं उत्तर दिलं. मग त्यांनी विचारलं, बरं, मध्यक म्हणजे काय? तिनं तेही सांगितलं. छान, या तुम्ही, ते म्हणाले. चार मिनिटं. तिच्या आधीच्या मुलाला पाऊण तास घाम फोडला होता, आणि बाहेर येऊन तो सगळ्यांना सांगत होता की काय पिळलं यार. तिला कुणी पिळलं नाही. तिला पंचवीसपैकी चौदा मिळाले. अवघड प्रश्न चुकून कमी गुण मिळाले असते तर ती रडली असती आणि विसरली असती. पण तिला अवघड प्रश्न विचारायच्या लायकीचंच कुणी समजलं नव्हतं, आणि ते हसून, प्रेमानं, पाणी हवंय का असं विचारून. त्या हसण्याला काय नाव द्यायचं हे तिला सतरा वर्षं कळलं नव्हतं. तो माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. सहा विभागांतले अठरा परीक्षकसुद्धा वाईट नव्हते. त्यातल्या कित्येकांबरोबर ती रोज चहा घेत होती. प्रत्येकानं थोडं थोडं कमी दिलं होतं, एक गुण, दीड गुण, जेवढं स्वतःच्याही लक्षात येणार नाही तेवढं. टेम्पोच्या मागे हॉर्न वाजवणाऱ्या एका मोटारवाल्यानं तिला बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा ती वळून त्याच्यावर अशी ओरडली की तिचं तिलाच नवल वाटलं. त्या बिचाऱ्यानं काच वर करून घेतली.

घरी बाबा वाटाणे सोलत बसले होते. दशरथ नगराळे खडकवासल्याला पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते. अजूनही ते घरात इस्त्रीचा शर्ट घालायचे. तिनं फाइल त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी चारही पानं वाचली, शेंगांचा हात लागू नये म्हणून पानं मनगटानं उलटत. मग विचारलं की कायम करायची मुलाखत कधी आहे. एप्रिलमध्ये, तिनं सांगितलं. समितीवर कोण असणार? तनुजा मॅडम असणार. बाबा पुन्हा शेंगा सोलायला लागले.

“सही करून टाक,” ते म्हणाले. “आधी कायम हो. मग बोल काय बोलायचं ते.”

बाबांच्या ऑफिसात दुपारच्या जेवणाची पाळी असायची. सहा जण, सहा वार, रोज एकानं सगळ्यांसाठी भाजी आणायची. बाबांचा वार गुरुवार. आणि गुरुवारी पाचही जणांचा उपास असायचा. आई सुरुवातीला मोठा डबा भरायची, खोबऱ्याची वांगी, सुकट घालून नाही, मुद्दाम साधी. संध्याकाळी डबा तसाच परत यायचा, आणि घरी सगळे रात्री तीच वांगी खायचे. बाबा हे हसत सांगायचे, माझ्यामुळे पाच माणसं देवभक्त झाली म्हणून. लहान शर्मिलाही खदखदून हसायची. कॉलेजात गेल्यावर एक दिवस ती त्या गोष्टीच्या मधेच हसायची थांबली, आणि बाबांनी पुढे ती गोष्ट कधी सांगितली नाही. त्यांच्याशी ती या विषयावर कधी बोलली नव्हती. पण आज टेबलावर तो कागद होता, आणि समोर तो इस्त्रीचा शर्ट होता, आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

“तुम्ही तर पहिल्यापासून कायम होतात ना, बाबा? मग तुम्ही कधी बोललात?”

त्यांनी हातातली शेंग फोडली. आतले दाणे वाटीत पडले नाहीत, फरशीवर गेले. ते वेचायला त्यांना खाली वाकायला वेळ लागला, आणि ती उठली नाही. उठायला हवं होतं हे तिला कळत होतं. पण राग असा होता की तो कुणावर आहे हे बघायलाही तयार नव्हता, जो सगळ्यात जवळ त्याच्यावर पडत होता. वेचलेले दाणे वाटीत टाकत बाबा म्हणाले, “काय करणार होतो? मोजून दाखवणार होतो त्यांना? किती गुरुवार झाले म्हणून?” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मग वाटी घेऊन ते आत गेले. सकाळी तिला जाग आली तेव्हा ते फिरायला निघून गेले होते, आणि ओट्यावर तिचा डबा भरून ठेवलेला होता. तिनं तो घेतला. माफी मागायची असेल तर फोन करता येतो. तिनं केला नाही.

सकाळी साडेनऊला ती तनुजा मॅडमच्या केबिनमध्ये गेली तेव्हा मॅडम कुंडीतल्या मनीप्लांटची पानं ओल्या कापडानं पुसत होत्या. त्या खरंच चांगल्या होत्या. शर्मिलाची आई दवाखान्यात होती तेव्हा आठ दिवस त्यांनी तिचे तास घेतले होते. शर्मिलानं सांगितलं की पहिलं टेबल अहवालात नाही. मॅडम म्हणाल्या की दोन्ही टाकली तर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून जास्त काटेकोर आहे ते ठेवलं. शर्मिलानं विचारलं की जास्त काटेकोर म्हणजे काय. एका माणसाच्या तापाचा आकडा बोटाबोटानं वेगळा मोजला, तर कुठल्याच बोटाला ताप आहे असं म्हणता येणार नाही. त्यावर मॅडम हसल्या. तेच, प्रेमानं हसणं.

“अगं, मी तुझ्याच बाजूची आहे,” त्या म्हणाल्या. “पण आपल्याकडे असलं काही नसतं, हे तुलाही माहीत आहे. मी तर कुणाचं आडनावसुद्धा लक्षात ठेवत नाही.”

“माझं मात्र वडिलांच्या नावासकट छापलंत, मॅडम.”

मॅडमनी कापड खाली ठेवलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि त्याखाली जे होतं ते निदान खरं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, “आठ तारखेला तूच हे विभागवार करून दिलंस. तेव्हा काही बोलली नाहीस. एकोणीस दिवस बोलली नाहीस. आज अहवाल तयार झाल्यावर तुला तत्त्व आठवलं?”

शर्मिलाला वाटलं होतं की आपण ओरडू, पण आवाज चढलाच नाही. तिनं पेन काढलं, आणि मॅडमच्या टेबलावरच, उभ्यानं, सहीच्या जागेच्या वर लिहायला लागली. सर्व विद्यार्थी एकत्र धरल्यास तोंडी परीक्षेत सार्थ फरक आढळतो. नाव न दिसणाऱ्या लेखी परीक्षेत तो आढळत नाही. विभागवार गट फार लहान असल्यामुळे त्यावरून फरक नाही असा निष्कर्ष काढणं चुकीचं आहे. हे विश्लेषण मी दि. आठ फेब्रुवारीला सादर केलं होतं, ते अहवालातून वगळलं आहे. अक्षर तिरकं, मोठं, तिच्या नेहमीच्या अक्षरासारखं अजिबात नव्हतं. मग पेन्सिलीच्या फुलीवर तिनं सही केली. मॅडम म्हणाल्या की हे पान पुन्हा टाइप होईल. शर्मिलानं मोबाइल काढून त्या पानाचा फोटो घेतला, आणि तिथंच उभी राहून समितीतल्या बाकी चौघांना, मॅडमना आणि प्राचार्यांना पाठवला. फोटो गेल्याचा बारीक आवाज झाला. नंतर मॅडमच्या फोनचाही झाला, टेबलावरच.

प्राचार्यांनी दुपारी बोलावलं. आपण गणिताच्या बाई, आपण राजकारणात कशाला पडता, एवढंच ते म्हणाले, आणि बसायला सांगितलं नाही. अहवाल तिच्या नोंदीसकट दाखल झाला. त्यावर ‘योग्य ती कार्यवाही’ असा शेरा पडला, आणि पुढच्या वर्षीपासून परीक्षकांचं एक दिवसाचं शिबिर घ्यायचं ठरलं. सृष्टीचे गुण बदलले नाहीत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कायम नेमणुकीच्या मुलाखतींची यादी सूचनाफलकावर लागली. शर्मिलानं ती दोनदा वाचली. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. स्टाफरूममध्ये तिच्याशी कुणी वाईट वागलं नाही. तिची खुर्ची, तिचा कप, सगळं होतं तिथंच होतं. फक्त ती आत आली की चहा आधीच होऊन गेलेला असायचा. बाबांना तिनं यादीचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं की त्या मुलीचं काय झालं, आणि तिला सांगता आलं नाही, कारण तिनं विचारलंच नव्हतं. एवढ्या दिवसांत तिनं स्वतःच्या रागाला रोज खाऊपिऊ घातलं होतं. त्या मुलीकडे ती एकदाही गेली नव्हती.

सृष्टीच आली, अहवालाची प्रत घ्यायला. तक्रारदाराला प्रत मिळते. कार्यालयानं ती तीन आठवडे रखडवली होती, म्हणून शर्मिलानं स्वतःकडची झेरॉक्स काढून ठेवली होती. मुलगी बुटकी होती, पाठीवर मोठी सॅक, आणि ती बसली नाही. उभ्यानंच तिनं चारही पानं वाचली. शेवटच्या पानावरची हातानं लिहिलेली नोंद वाचताना तिचे ओठ हलत होते. शर्मिला तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. आता ती काहीतरी म्हणेल असं तिला वाटत होतं, आणि काय म्हणेल याचीही तिनं मनात थोडी तयारी केली होती. त्यात काय एवढं, माझं कामच होतं ते, असं आपण म्हणू, असं तिनं ठरवलं होतं.

सृष्टीनं एका ओळीवर बोट ठेवलं.

“मॅम, हे तुम्हाला आठ फेब्रुवारीलाच कळलं होतं?”

“हो.”

“कंपनी वीसला आली होती. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये बसले होते. दिवसभर.” ती रडत नव्हती. तिचा आवाज अगदी सपाट होता, आणि त्यात जो राग होता तो शर्मिलाच्या रागासारखा सैरावैरा धावणारा नव्हता. त्याला कुठं जायचं ते माहीत होतं. “आठ ते वीस, बारा दिवस होते. एक मेल केला असता तुम्ही, तर निदान त्या विषयाचा निकाल राखून ठेवला असता कॉलेजनं. तक्रारीचा निर्णय होईपर्यंत मुलाखतीला बसू दिलं असतं.”

शर्मिलाला पुष्कळ सांगता आलं असतं. समितीची कार्यपद्धती होती. एप्रिलची मुलाखत होती. आपण एकटी होतो. आपल्यालाही कुणीतरी एकदा चार मिनिटांत बाहेर काढलं होतं. हे सगळं खरं होतं, आणि यातलं काहीही या मुलीच्या कामाचं नव्हतं. बाहेर मैदानावर कुणीतरी स्पीकर लावून बघत होतं, एक, दोन, तीन, चेक.

सृष्टीनं पानं सरळ केली आणि सॅकमधल्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातली. “मी विद्यापीठात तक्रार करतेय,” ती म्हणाली. “यात सगळ्यांची नावं येतील. तुमचंही येईल, मॅम. उशीर केला म्हणून.”

“येऊ दे,” शर्मिला म्हणाली. मुलगी दारापर्यंत गेली तेव्हा तिनं तिला थांबवलं. पेन काढून एका कागदावर दोन्ही तारखा लिहिल्या, आठ आणि वीस, आणि मधले दिवसही, आणि खाली पूर्ण सही करून तो कागद तिच्या हातात दिला.

“हे जोड,” ती म्हणाली. “नुसतं उशीर लिहू नकोस. बारा दिवस लिही.”